घाट उतरणाऱ्या पिकअपला कोणता ब्रेक पॅड?

मुंबईची पिकअप घाट चढते तेव्हा बहुतेक वेळा रिकामी असते आणि उतरते तेव्हा भरलेली. नाशिकचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, पुण्याकडची फुलं, सगळं कसारा, माळशेज किंवा बोरघाटातून खाली येतं आणि वाशीच्या बाजार समितीत, दादरला, भायखळ्याला रिकामं होतं. डिझेलच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे. ब्रेकच्या दृष्टीने याहून वाईट वाटणी नाही.

ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे, घ्यायला गेल्यावर मात्र काउंटरवर हा विषय निघतच नाही. आपण गाडीचं नाव सांगतो, समोरचा विचारतो, "कंपनीचे देऊ की चालू?" आणि निवड किमतीवर होऊन जाते. गाडी कुठे जाते, किती भरते, पावसाळ्यात कुठे उभी असते, हे तो विचारत नाही आणि आपण सांगत नाही.

माझं म्हणणं असं, की गाडी रोज काय करते यावर पॅड निवडू नये. तिला सर्वांत जास्त तापवणारी फेरी कोणती, ती महिन्यातून एकदाच का होत असेना, तिच्यावर निवडावा. भिवंडी-कुर्ला अशी रोजची फेरी कुठलाही बऱ्यापैकी पॅड निभावून नेतो.

उष्णतेचा हिशोब

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. गाडी आणि माल मिळून ३,००० किलो वजन धरा. ताशी ३० किलोमीटरवरून थांबताना साधारण १०४ किलोज्यूल उष्णता तयार होते. ताशी ६० वरून थांबताना ती दुप्पट नाही, चौपट होते, म्हणजे जवळजवळ ४१७ किलोज्यूल. मुंबईच्या सिग्नलवर गाडी दिवसभर थांबते, पण वेग कमी असतो आणि मधे डिस्क निवायला वेळ मिळतो.

आता घाट बघा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि खोपोली साठ-सत्तर मीटरवर. साडेपाचशे मीटरची उतराई धरली तर तीच ३,००० किलोची गाडी खाली आणताना १६,००० किलोज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ६० वरून जवळजवळ चाळीस वेळा करकचून थांबण्याइतकी ही उष्णता आहे आणि तीही मधे फारशी उसंत न देता. खालचा गिअर असेल तर यातला बराच वाटा इंजिन घेतं. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये उतरलात तर ब्रेक घेतात. न्यूट्रल करून उतरवलात तर जवळजवळ सगळंच ब्रेकच्या माथी. (न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समज अजून गेलेला नाही. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनांत गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवर नसेल तर डिझेल बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं.)

पॅड फार तापला की त्यातलं मटेरियल धरून ठेवणारं रेझिन सुटायला लागतं. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे ही गोष्ट सुरू होते, पॅड आणि डिस्कच्या मधे वायू तयार होतो आणि पकड जाते. अशा वेळी पेडल घट्ट लागतं, पाय जोरात दाबला जातो, पण गाडी आवरत नाही. याला फेड म्हणतात. याच्या उलट पेडल मऊ पडून खाली जात असेल तर पॅडचा दोष नाही, ब्रेक ऑइल (पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं तेल) उकळलं आहे. घाटातून खाली आल्यावर ड्रायव्हर जेव्हा "ब्रेक लागेना" म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: पेडल घट्ट होतं की मऊ? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि दुसऱ्यासाठी महागडे पॅड आणून काही उपयोग नाही.

बदलायची वेळ झाली आहे का

नव्या पॅडवर मटेरियल साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत शेवटची मर्यादा २ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. ती मर्यादा म्हणजे त्याच्या पुढे अजिबात नको असा अर्थ. माल वाहणाऱ्या गाडीचे पॅड ३ ते ४ मिलिमीटर उरले की बदलावेत, कारण पातळ पॅडमधून उष्णता लवकर त्याला डिस्कवर दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत जाते. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरू नका. अर्ध्या लोकांचा "अजून बराच आहे" हा अंदाज त्या पट्टीसकटचा असतो.

काही पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. मटेरियल संपत आलं की ती डिस्कला लागून शिटीसारखा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की हातात थोडे दिवस असतात. खरखर आली, पेडलमधून घासल्यासारखं जाणवलं, की ते दिवस गेले. लोखंड डिस्कला लागलं आहे. रात्रभर पावसात किंवा समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाडीची सकाळची पहिली दोन-चार ब्रेकची खरखर मात्र डिस्कवरच्या गंजाच्या पापुद्र्याची असते. ती लगेच जाते, तिच्यासाठी चाक खोलायची गरज नाही.

ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली जात असेल तर तेही पॅड झिजल्याचं लक्षण असू शकतं, कारण पिस्टन जितका बाहेर येतो तितकं तेल त्याच्यामागे जातं. वरून भरत राहू नका. आधी पॅड बघा, आणि पॅड जाड असूनही तेल कमी होत असेल तर गळती शोधा.

जुने पॅड काढल्यावर फेकायच्या आधी नीट बघा. नवे कोणते घ्यायचे हे दुकानदारापेक्षा तेच जास्त सांगतात. एकाच चाकातला आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर पिस्टन मागे सरकत नाही किंवा कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारं घर) ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिन जाम आहेत. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनवर मोकळा परत येत नाही. पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड झाला असेल तरी बोट पिनकडेच जातं. डावा-उजवा फरक असेल तर एका बाजूचा कॅलिपर किंवा ब्रेक ऑइलची नळी बघा. वरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर मटेरियल जळून कडक झालं आहे, म्हणजे आधीचा पॅड या गाडीच्या कामाला कमी पडत होता. हे सगळं दुरुस्त न करता नवे पॅड बसवले तर तेही त्याच वाटेने जाणार.

सॅसून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत पिन जाम होणं ही नेहमीची तक्रार. बर्फाचं खारट पाणी दिवसभर खाली गळतं, कॅलिपरवर आणि मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमवर पडतं, पिनवरचा रबरी बूट (आवरण) फाटला असेल तर पिनच्या आत जातं. अशा गाडीचे पॅड कोणते घ्यायचे याच्याआधी पिन किती वेळा काढून ग्रीस करायच्या हे ठरवावं. दर तीन-चार महिन्यांनी केलं तर फार नाही.

मागचे ब्रेक बघितल्याशिवाय पुढचे घेऊ नका

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. २००५ साली आलेला टाटा एस असो, बोलेरो पिकअप असो, अगदी इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉससारखी मोठी गाडी असो, मागे ड्रमच. म्हणजे पॅड पुढच्या दोन चाकांनाच. मागे ड्रमला आतून दाबणारे ब्रेक शू, ज्याला गॅरेजात लायनर म्हणतात.

गाडी भरलेली असते तेव्हा मागच्या अॅक्सलवर बराच भार असतो आणि मागच्या ब्रेकनी आपला वाटा उचलायलाच हवा. ते सैल झाले, ड्रम घासून मोठा झाला, लायनरला तेल लागलं, की सगळं काम पुढच्या पॅडवर येतं. हँडब्रेक खूप वर आल्याशिवाय धरत नाही, हे त्याचं सोपं लक्षण. पुढचे पॅड वर्षात दोनदा बदलणारे मालक कंपनीला नावं ठेवतात; त्यांनी एकदा मागचे ड्रम उघडून बघावेत.

आणखी एक गोष्ट आहे, ती फार कमी जण जोडून बघतात. बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू भाराने जितकी खाली बसते, तितका जास्त दाब तो मागच्या ब्रेकना सोडतो. आता जास्त माल घालता यावा म्हणून आपण मागच्या स्प्रिंगला एक-दोन पाटे वाढवतो. गाडी खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब कापतो, आणि दीड टन टोमॅटो घेऊन घाट उतरताना पुढचे दोन पॅड एकटे झगडत राहतात. पाटे वाढवले असतील तर त्या व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्यावी लागते, आणि ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावं. त्याहून बरं म्हणजे पाटे वाढवू नयेत, पण हे सांगून कोणी ऐकत नाही हेही मला ठाऊक आहे.

गाडी नेमकी कोणती

"बोलेरो पिकअपचे द्या" एवढं पुरत नाही. एकाच नावाच्या गाड्या वेगवेगळ्या पेलोडच्या, म्हणजे माल वाहण्याच्या क्षमतेच्या, येतात, मॉडेल बदलतं तसं कॅलिपर आणि डिस्क बदलू शकते, आणि एका पॅडचा आकार दुसऱ्यासारखा दिसला तरी कानाची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकाची, रुंदी मिलिमीटरने वेगळी असू शकते. तो बसतो, पण खटखट वाजतो किंवा अडकून राहतो.

म्हणून दुकानात जाताना चार गोष्टी बरोबर असाव्यात: आरसी बुकाचा फोटो, १७ अक्षरांचा चासिस नंबर, जुना पॅड, आणि जमलं तर जुन्या पॅडच्या पाठीवरचा पार्ट नंबर. चासिस नंबरवरून अधिकृत पार्ट डीलर नेमका नंबर काढून देतो. तो नंबर हातात आला की मग दुसऱ्या कंपनीचा पॅड घ्यायचा असला तरी त्या कंपनीच्या यादीत त्याला जुळणारा कोणता हे बघता येतं. नवा पॅड जुन्यावर ठेवून बघा: बाहेरचा आकार, कानांची रुंदी, पट्टीची जाडी, एकूण जाडी, आणि पिस्टनकडच्या पॅडवरची खूण किंवा क्लिप. हे काउंटरवर करायचं, घरी येऊन नाही.

आतलं मटेरियल

पॅडच्या मटेरियलचे आपल्या उपयोगाचे तीनच प्रकार धरा.

सेंद्रिय किंवा ऑर्गॅनिक पॅडमध्ये अरामिडसारखे तंतू, रबर, काही खनिजं आणि रेझिन असतं. आवाज कमी, डिस्क कमी झिजते, पहिल्या ब्रेकपासून पकड चांगली. पण उष्णता वाढली की हेच पहिले हात टेकतात. हलकी गाडी, घाट नाही, भार नाही, अशा कामाला ठीक.

सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो: पोलादाचे तंतू, लोखंडाची भुकटी, कधी तांबं. धातू उष्णता पसरवतो, म्हणून जास्त तापमानालाही पकड टिकते. बदल्यात थोडा आवाज, काळी धूळ, आणि डिस्कची झीज जास्त. गार असताना पहिल्या एक-दोन ब्रेकला थोडे बोथट वाटतात. यांच्यातच कमी धातूचा एक उपप्रकार आहे, तो या दोघांच्या मधला.

सिरॅमिकमध्ये सिरॅमिक तंतू असतात. शांत, धूळ कमी आणि फिकट, चाकं स्वच्छ राहतात. हल्ली काउंटरवर याचा बोलबाला आहे आणि किंमतही चढी. खासगी वापराच्या, रविवारी लोणावळ्याला जाणाऱ्या व्ही-क्रॉसला हे शोभतात. पण पॅडमधला धातू कमी असल्यामुळे यांची उष्णता पुढे नेण्याची ताकद सेमी-मेटॅलिकपेक्षा कमी, आणि दीड टन कांदा घेऊन कसारा उतरणाऱ्या गाडीला चाकं काळी होण्याची चिंता नसते. सिरॅमिक म्हणजे वरचा दर्जा, असा जो समज पसरला आहे तो माल वाहणाऱ्या गाडीपुरता सोडून द्या. खोक्यावर सिरॅमिक लिहिलं म्हणजे आत किती सिरॅमिक आहे हेही त्यातून कळत नाही.

तेव्हा माझा कल असा. घाटातून भरून येणाऱ्या गाडीला गाडीच्या कंपनीने नेमून दिलेला पॅड किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा त्याच गाडीसाठीचा, भाराच्या कामाचा सेमी-मेटॅलिक. फक्त मुंबई-ठाण्यात फिरणाऱ्या छोट्या हत्तीला (टाटा एसला) कंपनीचाच प्रकार, त्याहून वेगळं काही शोधायची गरज नाही.

अॅस्बेस्टॉसबद्दल एक वाक्य लागेलच. एके काळी ब्रेक लायनिंग म्हणजे अॅस्बेस्टॉसच होतं. घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोमध्येही ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. त्याच्या धुळीने फुप्फुसांचे असाध्य आजार होतात. खोक्यावर अॅस्बेस्टॉसविरहित असं स्पष्ट छापलेलं असेल तरच घ्या. बिनानावाच्या पॅडमध्ये काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

पाठीवरची दोन अक्षरं

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर एक लांबलचक कोड असतो आणि त्याच्या शेवटी इंग्रजी वर्णमालेतली दोन अक्षरं: ईई, एफएफ, जीजी, किंवा जीएफ अशी मिश्र. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पकड किती, दुसरं तापल्यावर किती. ई म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्याच्या खालचं असेल, समजा एफई, तर तापल्यावर पकड कमी होते असा अर्थ. आपल्या कामाला एफएफ किंवा त्याहून जास्त बघावं, आणि दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली नको.

पण या अक्षरांना वाजवीपेक्षा जास्त किंमत देऊ नका. ती ज्या चाचणीवरून ठरतात ती मटेरियलच्या साधारण एक इंच चौकोनी तुकड्यावर यंत्रात होते, तुमच्या गाडीवर नाही. पॅड किती टिकेल, पावसात कसा धरेल, पट्टीपासून सुटेल का, यातलं काहीच त्यात नाही. आणि मूळ पॅड एफएफ असताना "जास्त पकड" म्हणून जीजी टाकणंही शहाणपणाचं नाही. पुढचे मागच्यांपेक्षा फार जोरात धरायला लागले की तोल बिघडतो, आणि जुलैमधल्या ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची पुढची चाकं आधी लॉक होतात.

त्यापेक्षा जास्त भरवशाची खूण युरोपच्या आर ९० या नियमाची. पाठीवर वर्तुळातलं ई अक्षर, त्याच्या शेजारी देशाचा आकडा आणि ९०आर असलेला क्रमांक. असा पॅड त्या गाडीच्या मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या आतबाहेर काम करतो हे तपासलेलं असतं. इथल्या पिकअपच्या प्रत्येक पॅडवर ती मिळेलच असं नाही, मिळाली तर चांगलं.

खरेदी कुठे, आणि खोटा माल कसा ओळखायचा

मुंबईत गाड्यांच्या सुट्या भागांसाठी दोन ठिकाणं सगळ्यांच्या तोंडी असतात: ऑपेरा हाऊसचा बाजार आणि कुर्ला-कलिनाचा सीएसटी रोड. ऑपेरा हाऊसला घाऊक दुकानदार आहेत, पार्ट नंबर सांगितला की लगेच हो किंवा नाही कळतं. सीएसटी रोडला नवं-जुनं दोन्ही मिळतं. ब्रेकचं कुठलंच जुनं घेऊ नका, आणि जुन्या पट्टीवर नवं मटेरियल चिकटवून दिलेले पॅड तर मुळीच नाहीत. मागचे शू पुन्हा लायनिंग करून वापरता येतात, ती जुनी आणि रुळलेली पद्धत आहे. पॅडचं तसं नाही. पॅड जास्त तापतो, आणि तिथे चिकटवण्याचं काम कारखान्यातल्या दाबाखाली आणि भट्टीतच नीट होतं.

ब्रेक्स इंडिया, राणे, अलाइड निप्पॉन, बॉश ही नावं या धंद्यात मुरलेली आहेत. हिंदुस्थान फेरोडोचीच पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स झाली. यांच्यापैकी एकाचा नेमक्या पार्ट नंबरचा पॅड मिळाला तर तो गाडीच्या कंपनीच्या खोक्यातल्या पॅडपेक्षा स्वस्तात त्याच तोडीचा असू शकतो, कारण गाड्यांच्या कंपन्या पॅड स्वतः बनवत नाहीत, अशाच उत्पादकांकडून घेतात.

नावाजलेल्या नावांचाच खोटा माल निघतो. खोकं चांगल्या प्रकाशात धरा. छपाई पुसट आहे का, एमआरपीवर दुसरं स्टिकर चिकटवलं आहे का, पॅकिंगचा महिना आणि बॅच नंबर आहे का, क्यूआर कोड असेल तर तो कंपनीच्याच पानावर जातो का. मग पॅड हातात घ्या. एका खोक्यातले चारही पॅड एकाच बॅचचे हवेत. मटेरियल आणि पट्टी यांच्या सांध्यावरून नख फिरवा. फट, बुडबुडा किंवा तडा दिसला तर परत करा. मटेरियलच्या कडा चुरा होत असतील तरी परत.

आणि पट्टीचा रंग बघा. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे. पट्टीवर नुसता पातळ रंग मारलेला असेल तर गंज मटेरियलच्या खाली शिरतो, फुगतो, आणि मटेरियल पट्टीपासून उचलून धरतो. जाडी भरपूर शिल्लक असताना अख्खा तुकडा सुटून पडल्याची उदाहरणं अशीच होतात. जस्ताचा मुलामा किंवा चांगलं पावडर कोटिंग असलेली पट्टी मागा, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ द्या. पॅडबरोबर शिम (पॅडच्या पाठीला लागणारा पातळ पत्रा), स्प्रिंग आणि क्लिपचा संच येतो का विचारा. जुन्या गंजलेल्या क्लिप नव्या पॅडला लावू नयेत. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. ते मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला तर त्यातही एक उत्तर आहे.

बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहा

काम सपाट जागी. चाकाला ठोकळे, जॅकच्या जोडीला घोडी (आधाराचा स्टँड). नुसत्या जॅकवर गाडीखाली कोणी जायचं नाही. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जवळजवळ प्रत्येक गॅरेजात तेच करतात. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा, तोंडावर मास्क असू द्या.

मग डिस्क. तिच्यावर किंवा पुस्तिकेत किमान जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. कडेला उभी राहिलेली धार धरून मोजलं तर आकडा फसवा येतो, झिजलेल्या पट्ट्यातच मायक्रोमीटर लावा. खोल चरे असतील तर लेथवर फेस करून (घासून सपाट करून) घेता येते, पण फेस केल्यानंतरची जाडी किमानाच्या वर राहणार असेल तरच. बारीक तडे किंवा निळे डाग पडलेली डिस्क बदलावी. नव्या पॅडखाली खराब डिस्क ठेवून वाचलेले पैसे पुढच्या पॅडच्या जोडीत जातात.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळी बघा. वरून भरत आला असाल तर आता ते उतू जाणार, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. थोडं काढून घ्या. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश दाबायचा, टॉमी (लोखंडी कांब) घालून उचकटायचा नाही. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. स्लाइड पिन बाहेर काढून पुसून त्यांना सिलिकॉनचं, रबराला चालणारं ब्रेक ग्रीस लावा. साधं बेअरिंगचं पिवळं ग्रीस रबरी बूट फुगवतं. पॅडच्या कानांच्या जागा ब्रशने घासून गंज काढा, तिथे उच्च तापमानाचं ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच. मटेरियलला किंवा डिस्कला ते लागता कामा नये.

ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईत ओलीचा तोटा नाही. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डबीच्या झाकणावर जे लिहिलं आहे तेच वापरायचं, आणि सीलबंद छोटा डबा आणायचा. गॅरेजात महिनाभर उघड्या पडलेल्या डब्यातलं नको.

चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या नेमक्या जोराने). आणि गाडी हलवण्याआधी पेडल अनेकदा दाबून घट्ट करून घ्या. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं. गॅरेजच्या दारात याच कारणाने अपघात होऊ शकतो.

घासवून घेणं आणि पहिला घाट

नवा पॅड बसवल्या दिवशी भरून घाटात नेऊ नका. रविवारी सकाळी रबाळे किंवा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रिकामे असतात. ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे अर्धा-एक मिनिट गाडी चालू द्यायची, असं आठ-दहा वेळा. नंतर दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवून डिस्क निवू द्यायची. यात पॅडचं मटेरियल डिस्कवर सारखं बसतं. थोडा जळका वास येईल, तो घाबरण्यासारखा नाही. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा.

महिन्याभराने एकदा चाक काढून झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. पावसाळ्यात हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या पाण्यातून गाडी काढावी लागली तर पाण्याबाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चालवून पॅड आणि लायनर कोरडे करा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेलं असेल तर मागचे ड्रम उघडून गाळ काढून घ्या.

भरलेल्या गाडीने पहिला घाट उतरताना चढायला लागणारा गिअर उतरायलाही ठेवा, घाट सुरू होण्याआधीच. ब्रेक सतत थोडा दाबून ठेवण्यापेक्षा वेग वाढला की ठामपणे लावायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे डिस्कला निवायला फुरसत मिळते. वास किंवा धूर आला, पेडलची चाल बदलली, तर सुरक्षित जागा बघून थांबा. चाकांना दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, आणि क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन पुढच्या चाकाकडे निघाला तर त्याला थांबवा: लाल तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते किंवा तडकते. अर्धा तास चहा घ्या.